अक्कांचा ‘राह्यलो’

कमलअक्का कुठलाही कागद खालून वर वाचायच्या. लग्नपत्रिका हाती आली की आधी ‘आपले नम्र’, मग स्थळ, मग मुहूर्त आणि सगळ्यांत शेवटी नवरानवरीची नावं. औषधाच्या चिठ्ठीवर आधी डॉक्टरची सही, मग गोळ्या. कारण विचारलं तर म्हणायच्या, “वरून तं सगळेच वाचते बाप्पा. लिहिणारा वर जागा राह्यते अन् खाली येता येता पेंगते. चुका बुडाले बसते.” माणसांनाही तोच नियम. ऑफिसात नवा माणूस आला की आधी चपला पाहायच्या, मग चेहरा. माझ्या चपलांना पहिल्याच दिवशी काळी माती चिकटलेली होती, म्हणून मी पास झालो, असं त्यांनीच मला पुढे कधीतरी सांगितलं.

आदिलाबादला कापूस पिकवणाऱ्यांची एक संस्था आहे, तिथे आम्ही दोघं नोकरीला. मी फिरतीवरचा. नार्नूरकडची गावं माझ्याकडे, तिथल्या कापसाची प्रत पाहायची आणि शेतकऱ्यांची गाऱ्हाणी ऐकायची. अक्का ऑफिसात मराठीचं काम पाहत. वयानं मोठ्या होत्या आणि स्वभावानं त्याहून मोठ्या, म्हणून तेलुगू बोलणारे, मराठी बोलणारे सगळेच त्यांना अक्का म्हणत. भांडण मराठीत, हिशेब तेलुगूत, बाजारात हिंदी आणि मॅनेजरसाहेबांसमोर ‘अर्ज है’ असली निजामी उर्दू, अशी त्यांची वाटणी पक्की होती. त्यामुळे त्या कुठल्या भाषेत बोलताहेत यावरून कसला प्रसंग आहे ते बाहेर व्हरांड्यात बसूनही कळायचं.

अक्कांचं मुख्य काम म्हणजे पर्चा. संस्थेच्या वेबसाईटवर रोज संध्याकाळी दुसऱ्या दिवशीचा भाव, हवामान आणि पिकाचा सल्ला तेलुगूत आणि मराठीत भरायचा. पहाटे एक प्रोग्राम आपला आपण उठायचा, ती पानं उघडायचा आणि त्यांच्या पीडीएफ करून तयार ठेवायचा. मराठी पर्चा आधी अक्कांच्या फोनवर यायचा. चहा चुलीवर चढवून त्या तो बुडापासून शेंड्यापर्यंत वाचत आणि मग प्रोग्राम सांभाळणाऱ्या नरेशला फोन करून एकच शब्द बोलत, “पाठव.” नरेश बटण दाबायचा, आणि पर्चा गावोगावच्या फोनांवर जायचा.

वेबसाईट असताना पीडीएफ कशाला, हा प्रश्न फक्त शहरातले लोक विचारतात. आमच्याकडे डोंगराच्या पलीकडे नेट येतं आणि जातं. वेबसाईट उघडली की चक्र फिरत राहतं, शेतकरी बिचारा हात वर करून बांधावर उभा. पीडीएफ एकदा फोनात पडली की पडली. खतवाला तिची प्रिंट काढून दुकानाच्या दारावर चिकटवतो. अक्का हे नव्या माणसाला फार सोपं करून सांगायच्या. “वेबसाईट म्हंजे झाडावरची कैरी. आज हिरवी, उद्या पिकते, परवा गायब. पीडीएफ म्हंजे लोणचं. एकदा बरणीत गेलं का जसं घातलं तसंच राह्यते. म्हणून घालतानी मीठ पाहून घाला.” असं म्हणून त्या खरंच टेबलाच्या खणातून लोणच्याची बरणी काढत आणि समोरच्याच्या तळहातावर एक फोड ठेवत. ती फोड इतकी आंबट असायची की माणूस पीडीएफ जन्मात विसरत नसे.

पण खुद्द अक्कांनीच एकदा मीठ पाहिलं नाही, तो किस्सा सांगायलाच हवा. वेबसाईटचं रूप बदललं तेव्हा तिच्या तळाशी एक पट्टी आली. तुमच्या फोनात आम्ही ‘कुकीज’ ठेवतो, मान्य आहे का, असं विचारणारी. ती हल्ली सगळीकडे असते आणि न वाचता आपण सगळेच ‘मान्य’ दाबतो. इंग्रजी वाक्य अक्कांकडे भाषांतराला आलं. त्यांनी नरेशला विचारलं, “हे कुकीज काय राह्यते?” नरेश वरंगलकडचा, दोन लेकरांचा बाप, मोठा गंभीर माणूस. त्यानं कामातून मान वर न करता सांगितलं, “बिस्किट जैसा रहता, अक्का.” झालं. अक्कांनी भाषांतर केलं, ‘आम्ही बिस्किटे वापरतो. आपल्याला मान्य आहे का?’

वेबसाईटवर कुणाच्या लक्षातही आलं नसतं, कारण बटण दाबलं की पट्टी जाते. पण पहाटे उठून पान उघडणाऱ्या प्रोग्रामला बोट कुठलं? त्यानं पट्टीसकट लोणचं घातलं. आणि नेमकं त्या दिवशी अक्का दात काढायला गेल्या होत्या, म्हणून रात्रीच ‘पाठव’ सांगून मोकळ्या झालेल्या. सकाळी मी नार्नूरच्या बाजारात उतरलो तर खताच्या दुकानासमोर ही गर्दी. एका म्हाताऱ्यानं माझा दंड धरला. “सायेब, आमाले मान्य हाये. पण बिस्किटं कवा वाटता?” दुसरा म्हणाला, “गोड देता का खारी? मले साखर हाये.” मी फोन लावला. अक्कांचं तोंड सुजलेलं, तरी हसून हसून त्यांची मुरकुंडी वळली, मग हसणं थांबलं आणि दोष नरेशवर ढकलण्याचा विचारही त्यांच्या मनाला शिवला नाही. शेतकऱ्यांच्या पुढच्या बैठकीला त्या स्वतः नार्नूरला आल्या, बिस्किटांचं खोकं घेऊन. “छापलं तं द्या लागते,” एवढंच म्हणाल्या आणि पहिलं बिस्किट त्या साखरवाल्या माणसाला दिलं, बिनसाखरेचं. आजही त्या बैठकीला लोक बिस्किटांची बैठक म्हणतात आणि चहाबरोबर बिस्किट नसलं तर नाराज होतात.

दुसरा प्रसंग इतका हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. पावसाचा अंदाज होता. पर्च्यात सल्ला होता की उद्या कपाशीवर फवारणी करू नका. त्या दिवशी भावाचा तक्ता नेहमीपेक्षा लांब झाला आणि प्रोग्रामनं पान जिथे संपलं तिथे कापलं. पहिल्या पानाच्या तळाशी ‘फवारणी करू’ आणि दुसऱ्या पानावर एकटा ‘नका’. अक्कांनी सवयीनं खालून वाचलं, म्हणजे आधी ‘नका’ मग ‘करू’, त्यांना सगळं नीट दिसलं. खतवाल्यानं कागद वाचवायला पहिलंच पान चिकटवलं. लोकांनी फवारणी केली आणि दुपारी पावसानं सगळं औषध धुऊन नेलं. नामदेव नावाचा एक शेतकरी पाठीवर पंप तसाच घेऊन आदिलाबादच्या ऑफिसात येऊन उभा राहिला. ओरडला नाही. “अक्का, तुमीच सांगतलं करू म्हणून,” एवढंच म्हणाला. अक्का त्या दिवशी जेवल्या नाहीत. नामदेवला बसवलं, पाणी दिलं, आणि संस्थेकडून त्याला औषध पुन्हा मिळेपर्यंत मॅनेजरसाहेबांच्या दारातून हलल्या नाहीत. त्या दिवशी उर्दूसुद्धा मराठीच्या आवाजात निघत होती.

मग त्यांनी नरेशला धरलं. तेलुगू पर्च्यात असं काऊन झालं नाही? नरेशनं दोन्ही पानं शेजारी ठेवून पाहिली. तेलुगूत ‘करू नका’ला ‘चेयवद्दु’ हा एकच शब्द. “हमारे में ‘नको’ चिपक के रहता, अक्का. तुम्हारे में अलग बैठता.” अक्कांनी दोन्ही कागदांवर बोट फिरवून पाहिलं. एवढी वर्षं मराठी बोलून, लिहून आपला ‘नका’ असा मोकळा हिंडतो हे त्यांच्या ध्यानात आलं नव्हतं. “आमचा नका पायात चप्पल घालूनच बसते,” त्या म्हणाल्या, “कवा उठून जाईल सांगता येत नाई.” दुसऱ्या दिवसापासून पर्च्यातला प्रत्येक नकार वाक्याच्या डोक्यावर गेला. नका करू फवारणी. नका विकू ओला कापूस. नका ठेवू खत उघड्यावर. मॅनेजरसाहेबांना ते दटावल्यासारखं वाटलं. गावांना फार आवडलं. “आता वाटते अक्का सोता बोलून राह्यली,” असं नामदेवनंच मला सांगितलं.

त्याच सुमारास अक्कांनी पर्च्याच्या अगदी तळाशी रोज एक ओळ घालायला सुरुवात केली. ‘नोका करू काळजी, आमी पाहून राह्यलो.’ वरचा सगळा पर्चा पुस्तकी मराठीत आणि ही एक ओळ घरच्या बोलीत. मॅनेजरसाहेबांना थोडं थोडं मराठी कळायचं, त्यांनी विचारलं की हे शुद्ध आहे का. अक्का म्हणाल्या, “शुद्ध नाई साहेब, खरं हाये.” साहेब चांगला माणूस. ओळ राहिली.

आता खरी गोष्ट. अक्कांच्या निवृत्तीला काही महिने उरले असताना संस्थेनं प्रोग्राम जुन्या कॉम्प्युटरवरून उचलून दूर कुठल्यातरी भाड्याच्या मशिनीवर नेला. त्या मशिनीला इंग्रजी येत होतं, नरेशनं तेलुगू शिकवलं, आणि मराठीची अक्षरं तिच्यात घालायची राहून गेली. पहाटे अक्कांच्या फोनवर पर्चा आला तो नुसते चौकोन. ओळीच्या ओळी रिकामे चौकोन, मधेच भावाचे आकडे. अक्कांनी ‘पाठव’ म्हटलं नाही. त्या दिवशी गावांना मराठी पर्चा गेलाच नाही आणि दुपारपर्यंत माझ्या फोनचा जीव गेला. संध्याकाळी मॅनेजरसाहेबांनी आम्हा सगळ्यांना बोलावलं. रागावले नाहीत, सरळ प्रश्न विचारला. “अक्का, आज आप हैं तो पकड़ लिया. आपके जाने के बाद जिम्मेदार कौन? गलत पर्चा गया तो फिर वो पंपवाला आएगा.” नव्या माणसाची जागा मिळणार नव्हती. मी फिरतीवर, पहाटे माझ्या गावांत फोन लागला तर लागला. साहेबांचं म्हणणं होतं की आता पोरंसोरं तेलुगू वाचतात, अक्का निवृत्त होतील त्या दिवशी मराठी पर्चा बंद करू. ऑफिसात बसून तो तपासणारा कुणी मिळाला तर गोष्ट वेगळी.

मला त्यांचं म्हणणं पटलं होतं, खोटं कशाला सांगू. अक्कांना पटलं नाही. बाहेर येऊन त्या बाकावर बसल्या आणि पहिल्यांदाच मला स्वतःबद्दल काही बोलल्या. त्या बेल्लमपल्लीच्या खाण कामगारांच्या क्वार्टरमधल्या. शाळा तेलुगू, गल्ली तेलुगू, मराठी फक्त आईच्या तोंडी. आईनं मराठी वाचायला शिकवलं ते चंद्रपूरकडून येणाऱ्या सामानाच्या पुड्यांवरून. किराणा डब्यात रिकामा केला की माय पुडीचा कागद मांडीवर सरळ करायची आणि लेकीला वाचून दाखवायची. पुडी नेहमी फाडलेली, म्हणून शब्द कडेला तुटलेले. उरलेला शब्द काय असेल ते मायलेकी आपल्या मनानं पुरा करत. “लहानपणी म्या अर्धे शब्द लई वाचले,” अक्का म्हणाल्या. “माया लोकाईच्या हाती आता अर्धा शब्द नाई देनार. पुरा द्या नाई तं देऊ नका.” मग जरा थांबून स्वतःच दुरुस्त केलं, “नका देऊ.”

नरेशनं मराठीची अक्षरं त्या मशिनीत घातली. चौकोन गेले. “आ गया, अक्का,” तो खुश. अक्कांनी खालून वाचायला घेतलं आणि पहिल्याच ओळीला अडल्या. ‘राह् यलो’. ह चा पाय लंगडा, य त्याच्यापासून फारकत घेऊन उभा. वर ‘शेतकर् यांनी’चेही तसेच हाल, आणि वेलांट्या भलत्याच अक्षरांच्या डोक्यावर. नरेशला यातलं काहीच दिसत नव्हतं. त्याला मराठी म्हणजे दोरीवर वाळत घातलेले कपडे, एखादा सदरा सरकला तर त्याला कसं कळावं? तो प्रामाणिकपणे विचारायचा, “अक्का, अब तो ठीक है ना?” आणि अक्का प्रामाणिकपणे सांगायच्या, “नाई.” असं पुष्कळ दिवस चाललं, तोवर मराठी पर्चा जुन्या कॉम्प्युटरवरूनच काढावा लागला. दोघांच्या नाकी नऊ आले.

शेवटी अक्कांनी एका कोऱ्या कागदावर ठसठशीत अक्षरात ‘राह्यलो’ लिहिलं आणि नरेशच्या कॉम्प्युटरच्या कडेला चिकटवलं. तेलुगूत त्याला समजावलं, हे वाचू नकोस, हे चित्र आहे. पर्च्याच्या तळाशी असंच चित्र उमटलं तर बरं, नाहीतर नाही. नरेश चित्रावर नजर ठेवून काम करू लागला. आणि एका दुपारी पर्चा निघाला तो ह आणि य गळ्यात गळा घालून. अक्कांनी खालून वर सगळा वाचला, चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला, पुन्हा वाचला. “पाठव,” म्हणाल्या. त्या एका शब्दावर नरेशनं टेबलावर हात आपटला आणि लोणच्याची बरणी पडता पडता वाचली.

तपासणारा माणूस मात्र अजून सापडला नव्हता, आणि अक्कांच्या डोक्यात काय शिजत होतं ते कुणाला ठाऊक नव्हतं. त्या रोज जेवणानंतर नरेशला एक शब्द देऊ लागल्या. अ, आ, इ नाही. त्यांनी त्याला मराठी खालून वर शिकवली. आधी ‘राह्यलो’, मग ‘पाहून’, मग ‘आमी’, मग ‘काळजी’, मग ‘करू’, मग ‘नोका’. ती ओळ संपली की तिच्या वरची ओळ. मी हसायचो. म्हटलं, अक्का, हा माणूस मराठी उलटी बोलेल. “बोलू दे,” त्या म्हणायच्या, “चुका बुडाले बसते.” नरेशला आवडत होतं का कोण जाणे. पण घरी गेल्यावर लेकरांना तो ‘नका करू’ म्हणून दटावतो, असं त्याची बायको एकदा अक्कांना सांगून गेली.

निवृत्तीच्या आधीच्या आठवड्यात अक्कांनी रजा टाकली, भाच्याचं लग्न आहे म्हणून बेज्जूरला गेल्या. बेज्जूरच्या जंगलात फोन लागत नाही हे त्यांच्याइतकं कुणालाच ठाऊक नव्हतं, सासरच त्यांचं तिकडलं. जाताना या वेळी ‘पाठव’ आगाऊ सांगून गेल्या नाहीत. आणि काय योग असतात पाहा, नेमक्या दुसऱ्याच पहाटे त्या भाड्याच्या मशिनीनं स्वतःला कुणाला न विचारता सुधारून घेतलं आणि जोडाक्षरं परत फुटली. मी नार्नूरला होतो, नशिबानं फोन लागला. नरेश हिंदीत म्हणाला की नीचेवाला शब्द टूटा है, अक्काचा फोन लागत नाही, मॅनेजरसाहेब म्हणतात उशीर झाला, काय करू? मी म्हणालो, तुझ्या कागदाशी जुळतंय का पाहा. पलीकडे तो एकेक अक्षर जुळवत पुटपुटला. मग तो म्हणाला, “नहीं भेजता.” त्यानं सकाळ मोडून सगळं नीट केलं आणि मगच पर्चा सोडला. गावात तोवर लोक माझ्यावर चिडलेले, पण आला तो पर्चा पुरा होता. तळाची ओळसुद्धा.

अक्का परत आल्या तेव्हा मॅनेजरसाहेबांनी स्वतः त्यांना हे सांगितलं, आणि पर्चा चालू ठेवतो असंही सांगितलं. अक्कांनी ‘शुक्रिया’ म्हटलं आणि बाहेर येऊन बाकावर बसल्या. मी विचारलं, अक्का, लग्न खरंच होतं का? “लग्न आलं तं जा लागते,” त्या म्हणाल्या आणि माझ्या हातावर लोणच्याची फोड ठेवली. त्या फोडीनं माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आंबटच तेवढी होती, असं मी त्यांना सांगितलं.

निवृत्त होऊन त्या बेल्लमपल्लीला भावाकडे राहायला निघाल्या. हार, नारळ, भाषणं सगळं आदल्या दिवशी उरकलं होतं. सकाळी बसस्टँडवर पोचवायला मी एकटाच होतो. त्यांचं सामान वर चढवलं, बरणी त्यांनी मांडीवर घेतली आणि खिडकीशी बसल्या. बस सुटायच्या बेतात असताना स्कूटरवरून नरेश आला, डबा हँडलला लटकवलेला, ऑफिसला जायच्या घाईत. खिडकीखाली उभा राहिला आणि नुसता हसला.

अक्कांनी आधी त्याच्या चपला पाहिल्या. मग म्हणाल्या, “काय करून राह्यला रे इथं? ऑफिस नाई का?”

नरेशचे ओठ हलले. मनातल्या मनात तो खालच्या शब्दापासून वर चढत असणार, कारण उत्तराला वेळ लागला. “तुमाले पोचवून राह्यलो, अक्का.”

अक्कांनी डोळे बारीक केले. पर्चा वाचताना करायच्या तसेच. मग माझ्याकडे वळून हळूच विचारलं, “फुटलं तं नाई ना कुठं?”

“नाही अक्का,” मी म्हणालो. “पुरं आलं.”

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत घातला आणि दाराशी उभ्या असलेल्या कंडक्टरला म्हणाल्या, “हं. पाठवा आता.”